१० एचपीच्या पंपाचा करंट १०, १४ की २८? वायर आणि एमसीबी ठरवायच्या आधी हे वाचा

प्रश्न लांबलचक होता म्हणून थोडक्यात सांगतो. बोरिवलीतली चौदा मजली सोसायटी, पंपरूममध्ये दोन मोनोब्लॉक पंप, एक चालू एक स्टँडबाय. नेमप्लेटवर रंगाऱ्याने मोटरसकट ब्रश फिरवलाय त्यामुळे काही वाचता येत नाही, वायरमन म्हणतो १० एचपी असणार. पॅनलपासून पंपापर्यंत साधारण ४० मीटर, पाइपातून २.५ एमएमची (म्हणजे २.५ चौरस मिलिमीटर जाडीची) कॉपर वायर गेलीये. आधी सी कर्व्हची (कर्व्ह म्हणजे किती पट करंटला झटक्यात पडायचं तो प्रकार) २० अँपिअरची एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) होती, ती पंप सुरू करताना अधूनमधून पडायची म्हणून वायरमनने ६३ ची बसवली आणि आता पडत नाही म्हणून कमिटी खूश आहे. आता वायरिंग नव्याने करायचंय, सेक्रेटरींनी नेटवर करंट काढून बघितला तर एका ठिकाणी १०, एका ठिकाणी १४ आणि एका ठिकाणी २८ अँपिअर आला. खरा कुठला?

तुमच्या पंपासाठी १४. पण बाकीचे दोन आकडे कुठून आले ते आधी बघू, कारण तिथेच बहुतेकांची गाडी अडकते.

१० एचपी म्हणजे साधारण ७.५ किलोवॅट, आणि हे मोटरच्या शाफ्टवर मिळणारं आउटपुट आहे, लाइनमधून घेतलेली पॉवर नव्हे. ज्याने १० अँपिअर काढला त्याने ७५०० ला नुसतं रूट ३ आणि ४१५ ने भागलं, पॉवर फॅक्टर (करंटचा खरोखर कामी येणारा वाटा) आणि एफिशियन्सी (घेतलेल्या पॉवरपैकी शाफ्टवर मिळणारा वाटा) दोन्ही विसरला. बरोबर हिशोब असा, ७५०० भागिले (१.७३२ गुणिले ४१५ गुणिले ०.८५ गुणिले ०.८८), उत्तर येतं १३.९५. २८ चा आकडा अमेरिकन टेबलातला आहे, तिकडे २३० व्होल्ट थ्री फेजवर १० एचपीला २८ अँपिअर धरतात आणि ४६० व्होल्टला १४. आपल्याकडे २३० हे फेज ते न्यूट्रल असतं, थ्री फेज मोटरला ४१५ मिळतात, त्यामुळे कॅल्क्युलेटरमध्ये थ्री फेज सिलेक्ट करून २३० टाकलं की करंट जवळपास दुप्पट येणारच.

तोंडी हिशोबासाठी आम्ही एचपीला १.४ किंवा किलोवॅटला १.९ ते २ अँपिअर धरतो, ५ एचपीपासून पुढे हे बऱ्यापैकी जमतं. खाली गेलात की जमत नाही कारण छोट्या मोटरचा पीएफ आणि एफिशियन्सी दोन्ही पडतात, १ एचपी थ्री फेज १.८ ते २ अँपिअर घेते. आणि सिंगल फेज १ एचपी तर साडेपाच ते साडेसात काहीही घेऊ शकते, तिथे अंदाज नकोच, नेमप्लेट बघा. बोअरवेलच्या सबमर्सिबललाही हा तोंडी हिशोब लावू नका, ती मोटर बारीक आणि उंच बनवावी लागते त्यामुळे तेवढ्याच एचपीला जमिनीवरच्या मोटरपेक्षा जास्त करंट घेते.

आता नेमप्लेट. सगळ्यात आधी थिनर आणि चिंधी घ्या आणि तो रंग काढा, दहा मिनिटांचं काम आहे. आकडे पत्र्यावर ठोकलेले असतात, बहुतेक वेळा रंगाखाली शाबूत मिळतात. तेही नाही जमलं तर मोटर फूट माउंट असेल तर पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची मोजा, १३२ मिलिमीटर आली तर १३२ फ्रेम (म्हणजे मोटरच्या बॉडीचा साइज). त्या फ्रेममध्ये साधारण ७.५ आणि १० एचपीच्या मोटरी येतात, ११२ आली तर ५ एचपीच्या आसपास समजा. म्हणजे वायरमन १० म्हणतोय ती ७.५ पण असू शकते! मोनोब्लॉकला मोटर आणि पंपाचा शाफ्ट एकच असल्यामुळे आणि कंपन्या स्वतःची बॉडी वापरत असल्यामुळे ही खूण दरवेळी लागू पडत नाही, पण अंदाजाला बरी. मोटर रिवाइंड झालेली असेल तर नेमप्लेटवरही डोळे मिटून विश्वास नको. नीट न केलेल्या रिवाइंडिंगनंतर एफिशियन्सी पडते, ०.८८ ची ०.८२ धरली तर तोच करंट १५ होतो. उलट नवीन आयई३ (जास्त एफिशियन्सीच्या दर्जाची) मोटर घेतलीत, जिची ७.५ किलोवॅट फोर पोलला एफिशियन्सी ९०.४ टक्के असायला लागते, तर साडेतेराच्या आसपास. म्हणजे करंटमध्ये फरक दीड अँपिअरचाच, वायर बदलण्याइतका नाही, पण ओव्हरलोड रिलेचं (स्टार्टरमधला, करंट जास्त राहिला की मोटर बंद करणारा भाग) सेटिंग बदलण्याइतका नक्की आहे.

मग क्लॅम्प मीटर लावून सरळ मोजत का नाही? मोजा ना, मोजायलाच पाहिजे, फक्त काय मोजताय ते कळायला हवं. क्लॅम्पमध्ये एकावेळी एकच वायर घ्यायची, तिन्ही एकत्र धरल्या की शून्याच्या जवळ काहीतरी दाखवतो आणि लोक म्हणतात मीटर खराब. तिन्ही फेजचे आकडे आणि त्याच वेळचं व्होल्टेज दोन्ही लिहून ठेवा. आणि पंप त्याच्या नेहमीच्या कामावर असताना मोजा, कारण मोकळी फिरणारी फोर पोल मोटर पण फुल लोडच्या ३० ते ५० टक्के करंट खाते, त्यावरून लोडचा काहीच पत्ता लागत नाही.

इथे पंपाची एक गंमत आहे जी भल्याभल्यांना उलटी वाटते. सेंट्रीफ्यूगल पंपाचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद करत गेलात तर करंट कमी होतो, वाढत नाही, कारण पाणी कमी वाहतं. करंट वाढतो तो पंपाला समोर विरोध कमी मिळाला की. म्हणजे समजा डीलरने ६० मीटर हेडचा (हेड म्हणजे पाणी किती उंच चढवायचं ते) पंप दिला आणि तुमचं खरं हेड ३५ च निघालं, तर पंप ठरल्यापेक्षा खूप जास्त पाणी फेकणार आणि १४ ची मोटर १६-१७ घेत बसणार. पाइप फुटला, टाकीकडच्या लाइनचा जॉइंट निसटला तरी तेच. अशा वेळी रिले ट्रिप झाला तर तो बरोबर काम करतोय, वायरमनने त्याचं सेटिंग वाढवून दिलं की पुढच्या महिन्यात मोटर वाइंडिंगवाल्याकडे जाते. उपाय म्हणजे डिलिव्हरी व्हॉल्व्ह थोडा दाबून करंट १४ च्या खाली आणणे, पैसे शून्य. वीज थोडी वाया जाते हे खरं, पण मोटर वाचते, आणि पुढच्या वेळी पंप बदलताना हेड नीट काढून घ्या.

व्होल्टेज पण बघा. लोड तोच असताना व्होल्टेज पडलं की करंट वाढतो, ४१५ चे ३८० झाले की १४ चे सव्वापंधरा. मुंबईत सप्लाय बेस्टचा असो, अदानीचा असो, टाटा पॉवरचा असो की भांडुप-मुलुंडकडे महावितरणचा, बाकी राज्याच्या मानाने व्होल्टेज बरंच बरं असतं, त्यामुळे पंपाच्या टर्मिनलवर व्होल्टेज कमी दिसलं तर आधी आपल्याच बिल्डिंगमधले जुने जॉइंट आणि सैल स्क्रू शोधा, कंपनीला शिव्या नंतर.

आता मुद्द्याचं, ६३ ची एमसीबी. मोटरच्या वाटेला तीन वेगळे करंट येतात, चालताना १४, सुरू होताना डीओएलवर (मोटरला एकदम फुल व्होल्टेज देणारा स्टार्टर) सहा-सात पट म्हणजे ९० च्या आसपास काही सेकंद, आणि कुठे शॉर्ट झाला तर शेकडो. एकच एमसीबी हे तिन्ही सांभाळेल या अपेक्षेने घेतली की अशीच ओढाताण होते. ओव्हरलोड सांभाळायचं काम स्टार्टरमधल्या ओव्हरलोड रिलेचं, शॉर्ट सर्किट सांभाळायचं काम एमसीबी किंवा फ्यूजचं. तुमची २० ची सी कर्व्ह एमसीबी मॅग्नेटिकवर (झटक्यात पाडणारा भाग) १०० ते २०० अँपिअरमध्ये कुठेही पडू शकते, सी कर्व्ह म्हणजे पाच ते दहा पट. मोटरचा स्टार्टिंग ९० दिसतो पण अगदी पहिल्या सायकलला त्याचा टोकाचा झटका त्याहून बराच वर जातो, आणि तो झटका स्विच नेमका कुठल्या क्षणी ऑन झाला यावर असतो, म्हणून कधी पडते कधी पडत नाही. वायरमनला वाटलं एमसीबी कमजोर आहे. निदान चुकलं पण तक्रार खरी होती, २० सी तिथे छोटीच होती.

पण ६३ चं काय होतं ते बघा, हे नीट वाचा. २.५ एमएम कॉपर वायरचा रेझिस्टन्स किलोमीटरला ७.४१ ओहम. ४० मीटर जायची आणि तेवढ्याच जाडीच्या अर्थवायरने ४० मीटर परत यायची, लूप झाला ०.५९ ओहम. मोटरच्या बॉडीला फेज लागला तर २३० भागिले ०.५९, म्हणजे फार तर ३९० अँपिअर, आणि पॅनलच्या मागच्या केबलचा रेझिस्टन्स धरला तर त्याहून कमीच. ६३ सी खात्रीने झटक्यात पडायला दहा पट म्हणजे ६३० लागतात. ३९० ला ती झटक्यात पडेलच असं नाही, थर्मलवर (तापून सावकाश पाडणारा भाग) गेली तर काही सेकंद घेईल. आणि २.५ एमएमची पीव्हीसी वायर ३९० अँपिअरला साधारण अर्ध्या सेकंदात तिच्या मर्यादेपर्यंत तापते. म्हणजे एमसीबी पडायच्या आधी पाइपातली वायर भाजून निघणार, आणि तेवढा वेळ पंपाच्या बॉडीवर करंट, खाली जमिनीवर पाणी, आणि वॉचमन अनवाणी व्हॉल्व्ह फिरवायला आलेला. पावसाळ्यात बेसमेंटच्या पंपरूममध्ये काय अवस्था असते ते तुम्हाला मी सांगायला नको. ती एमसीबी आजच काढा, वायरिंगचं कोटेशन येईपर्यंत थांबू नका. तोपर्यंत २५ किंवा फार तर ३२ ची सी लावा, तीसुद्धा स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले चालू आहे आणि नीट सेट आहे हे बघूनच.

आता कुणीतरी म्हणेल की ३२ पण २.५ एमएमच्या वायरपेक्षा मोठीच आहे की. बरोबर, आणि मोटरच्या सर्किटमध्ये ते चालतं, कारण वायरला ओव्हरलोडपासून रिले वाचवतो, एमसीबीला फक्त शॉर्टचं बघायचंय. अमेरिकेत तर नियमच असा की ब्रेकर मोटरच्या करंटच्या २५० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, १४ चे ३५. पण हे घरातल्या प्लगच्या वायरिंगला लावाल तर आग लागेल, तिथे मध्ये रिले नसतो. आणि इथेही रिले बायपास केलेला असेल, जो अर्ध्या जुन्या स्टार्टरमध्ये असतोच, तर हे सगळं गणित रद्द.

नवीन वायर किती घ्यायची? १४ वर २५ टक्के धरा, साडेसतरा-अठरा. २.५ एमएम पाइपातून ३० डिग्रीला साधारण २१ अँपिअर, पण पंपरूमचं ३० डिग्री फक्त कागदावर असतं, ४० धरायचं, गुणिले ०.८७, झाले १८.३. अगदी काठावर. आणि दोन्ही पंपांच्या वायरी एकाच पाइपातून नेल्यात, जे सगळे करतात, तर अजून गुणिले ०.८, म्हणजे १४.६, संपलं. ४ एमएम तेच सगळं करून २८ वरून २४ वर, आणि दोन सर्किट एका पाइपात असली तरी १९.५. म्हणून ४ एमएम. व्होल्टेज ड्रॉप ४० मीटरला चार-साडेचार व्होल्ट, त्याची काळजी सोडा. ड्रॉप बघायचा तो गेटजवळच्या बोअरवेलला दीडशे मीटर केबल टाकताना, तिथे अँपिअरमध्ये बसणारी वायर ड्रॉपमध्ये बसत नाही, आणि व्होल्टेज दहा टक्के पडलं की स्टार्टिंग टॉर्क ८१ टक्क्यांवर येतो कारण तो व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे जातो. वायर लोहार चाळीत घ्या नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानात, पण आयएसआय मार्क आणि बिल दोन्ही घ्या, आणि बंडलचं वजन हातात घेऊन बघा, हलकी वायर म्हणजे आत कॉपर कमी. अर्थिंग मोटरच्या बॉडीला दोन वेगळ्या ठिकाणी, दोन वेगळ्या वायरींनी, ही आपल्याकडची सक्तीची गोष्ट आहे, आणि अर्थची वायर पण ४ एमएमच ठेवा, तिथे कंजुसी केली की वरचा लूपचा हिशोब परत बिघडतो.

४ एमएमचा लूप ०.३७, म्हणजे मागचं सगळं धरूनही साडेचारशेच्या आसपास फॉल्ट करंट मिळेल आणि ३२ सी ला ३२० लागतात, पडेल. बरेच जण मोटर आहे म्हणून डोळे झाकून डी कर्व्ह लावतात. डी कर्व्ह दहा ते वीस पटीवर पडते, २५ डी ला खात्रीसाठी ५०० हवेत आणि तुमच्याकडे ते असतीलच असं नाही. स्टार्टिंगला न पडणं आणि फॉल्टला पडणं दोन्ही बघायला लागतं. माझा स्वतःचा कल विचाराल तर एमसीबीच्या भानगडीत न पडता एमपीसीबी (खास मोटरसाठी बनवलेला ब्रेकर) घ्या, १० ते १६ सारख्या रेंजची, डायल १४ वर. त्यात ओव्हरलोड, शॉर्ट आणि एक फेज गेल्याचं भान तिन्ही असतं, मॅग्नेटिक साधारण तेरा पटीवर असल्यामुळे स्टार्टिंगला पडत नाही आणि दोनशेच्या वर गेलं की सोडत पण नाही. महाग पडते, पण एका रिवाइंडिंगचा खर्च आणि दोन दिवस टँकर मागवल्याचं बिल काढून बघा. पुढे काँटॅक्टर (स्टार्टरमध्ये मोटर चालू-बंद करणारा स्विच) एसी-३ म्हणजे मोटरसाठीच्या रेटिंगने १८ चा. दुकानदार एसी-१ चा मोठा आकडा दाखवून छोटा काँटॅक्टर गळ्यात मारतो, तो हीटरसाठीचा आकडा आहे.

रिलेचं सेटिंग म्हणजे नेमप्लेटवरचा फुल लोड करंट, त्यात स्वतःचे १० टक्के घालायचे नाहीत, रिले आधीच १.०५ पटीला न पडता १.२ पटीला दोन तासांच्या आत पडेल असा बनवलेला असतो. आणि स्टार-डेल्टा (मोटर आधी कमी व्होल्टेजवर सुरू करून मग फुल व्होल्टेजवर नेणारा स्टार्टर) असेल, १० एचपीला आपल्याकडे बऱ्याच वेळा असतो, तर रिले कुठे बसवलाय ते बघा. बहुतेक स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये तो मेन काँटॅक्टरच्या खाली, वाइंडिंगच्या रांगेत असतो आणि तिथून लाइनचा ५८ टक्केच करंट जातो, म्हणजे सेटिंग १४ नाही तर ८.१. मी बघितलेल्या पंपरूमपैकी कितीतरी ठिकाणी तो १४ वर फिरवलेला असतो, म्हणजे लाइनमध्ये २४ जाईपर्यंत रिले झोपलेला. अंधेरी-साकीनाक्याच्या गाळ्यांमध्ये कंप्रेसरवर पण हेच. मोटर जळते आणि मग सगळे म्हणतात रिले डुप्लिकेट होता. स्टार्टर ते मोटर सहा वायरी जातात त्या मात्र ५८ टक्क्यांवर काढल्या तरी चालतात, पण सहाही एकाच पाइपात असतात त्यामुळे परत डीरेटिंग (वायरची क्षमता कमी धरणं) लागतं, मी तिथे २.५ च्या खाली जात नाही.

किटकॅट फ्यूज अजून कुठे शिल्लक असतील तर ते काढून टाका. तीनातला एक उडाला की मोटर दोन फेजवर चालत राहते, उरलेल्या दोन फेजमध्ये करंट जवळजवळ पावणेदोन पट होतो आणि आवाज बदललेला रात्री दोन वाजता कुणाला ऐकू येणार. तीन पोलची एमसीबी किंवा एमपीसीबी तिन्ही एकदम तोडते, शिवाय सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारा) लावाच, ड्राय रनचा सेन्सर पण त्यातच येतो काही मॉडेलमध्ये.

व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) असलेल्या बूस्टर पंपाला यातलं बरंच लागू नाही, तिथे इनपुटची एमसीबी ड्राइव्हच्या पुस्तकात दिलेली असते ती लावायची आणि ड्राइव्हच्या आउटपुटवर साधा क्लॅम्प मीटर चुकीचा आकडा दाखवतो, ट्रू आरएमएस लागतो. फायर पंपाचे नियम तर पूर्ण वेगळे, त्याच्या पॅनलला या हिशोबाने हात लावू नका.

रंग काढून नेमप्लेट वाचलीत की तीन फेजचे करंट, व्होल्टेज, स्टार्टर डीओएल आहे की स्टार-डेल्टा, आणि रिलेचा डायल सध्या कितीवर आहे एवढं कळवा. डायलचा फोटो झाकण उघडून काढायचाय, मेन बंद करून.